श्रावणातला आघाडा दिवाळीतच ओळखून ठेवा

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ लागते. मंगळागौरीच्या पत्रीत आघाडा लागतो, गणपतीच्या एकवीस पत्रींत लागतो आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला दात घासायला त्याचीच काडी हवी असते. पण त्या दिवसांत पुण्यात आघाड्याची बहुतेक झाडं कोवळी असतात. कपड्यांना चिकटणारा, सगळ्यांच्या ओळखीचा तो लांब तुरा तेव्हा एक तर आलेला नसतो, नाहीतर बोटभर असतो. तो टोचायला लागतो तोवर दसरा आलेला असतो, आणि तेव्हा तो कुणालाच नको असतो. ओळख चुकते ती यामुळे.

माझं लग्न होऊन पहिला श्रावण आला तेव्हा मंडईतून पत्रीची जुडी मी आणली होती. विकणाऱ्या बाईंनी आघाडा म्हणून दिला, मीही आघाडा म्हणून घेतला. सासूबाईंनी एक काडी उचलली, बोटांत फिरवली आणि बाजूला ठेवली.

"हा आघाडा नाही गं."

"आई, पान तर तसंच आहे."

"पान कुणाचंही तसं असतं. दांडा बघ, पेर बघ."

ते कुंजर निघालं. कुंजराची भाजी चांगली होते, पण माळेत ते चालत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं आईंबरोबर टेकडीच्या कडेनं हिंडून मी जे शिकले, ते इथे क्रमानं लिहिते आहे. हा क्रम श्रावणापासून सुरू होत नाही. तो दिवाळीच्या आसपास, झाड पूर्ण वाढलेलं असताना सुरू होतो.

आधी झाड शोधायचं कुठे

आघाड्यासाठी रानात जावं लागत नाही. माणसाची आणि जनावरांची ये-जा असते तिथे तो असतो, कारण त्याचं बी त्यांच्याच अंगावरून फिरतं. पायवाटेच्या कडा, सोसायटीच्या कुंपणाचा आतला कोपरा, पडक्या भिंतीचा पाया, नदीपात्राचा काठ, मोकळा प्लॉट इथे बघा. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीची मागची बाजू किंवा पाषाण तलावाचा काठ, कुठेही गेलात तरी वाट सोडून चार पावलं आत शिरायची गरज पडणार नाही. मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत तो उन्हापेक्षा जास्त माजतो. तिथे पानं मोठी होतात आणि झाड कमरेपर्यंत जातं. उघड्या मुरमावर तेच झाड गुडघ्याइतकं राहतं, दांडा लालसर जांभळा होतो आणि पानं लहान, जाडसर होतात. ही दोन झाडं शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला वेगळ्या जातीची वाटतील. आकार आणि रंग यांवरून ओळखायला जाऊ नका, असं सुरुवातीलाच सांगते ते यासाठी.

पहिल्या पावसानंतर जूनमध्ये रोपं उगवतात, जुलै-ऑगस्टमध्ये नुसती पानं वाढतात, गणपतीच्या आगेमागे तुरे निघू लागतात. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत फळं चिकटत राहतात आणि होळीपर्यंत बहुतेक झाडं वाळून काटक्या होतात. म्हणून आपल्याकडे तो एका वर्षाचाच पाहुणा वाटतो. नळाच्या गळतीशेजारी किंवा नदीकाठी ओल टिकली, तर मात्र बुंधा लाकडासारखा होऊन झाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरतं.

पहिली पायरी: तुरा दोन्ही दिशांनी चाचपा

दिवाळीच्या सुट्टीत सकाळी फिरायला जाल तेव्हा पँटच्या बाजूला किंवा मोज्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी, फिकट, टोकदार फळं चिकटून येतील. ती जिथून आली ते झाड शोधा. फांदीच्या शेंड्याला वीतभर, कधी हातभर लांब, सरळ उभा, काडीसारखा तुरा असेल.

आता तुऱ्याचा शेंडा चिमटीत धरा आणि बोटं खाली, झाडाकडे ओढत आणा. तुरा गुळगुळीत लागतो. मग उलटं करा: बुडाकडून शेंड्याकडे बोटं न्या. लगेच टोचतं आणि चार-सहा फळं बोटांत येतात. प्रत्येक फळाचं टोक खाली, जमिनीकडे वळलेलं असतं म्हणून असं होतं. आपल्याकडच्या इतर कुठल्या चिकट तणाचा लांब तुरा असा एका दिशेनं मऊ आणि दुसऱ्या दिशेनं बोचरा मी पाहिलेला नाही.

झाड आपल्याला पकडतं तेही असंच. चालताना पाय दांड्याला पुढे ढकलतो, दांडा वाकतो आणि सुटताना तुरा बुडाकडून शेंड्याकडे कापडावरून घासत जातो. म्हणजे कापड नेमकं टोकांच्या विरुद्ध दिशेनं सरकतं आणि फळं त्यात रुततात.

संस्कृत निघंटूंतली याची नावं वाचली तर आपल्या आधी किती जणांनी हा तुरा हातात धरून बघितला असेल ते कळतं. अपामार्ग हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण अधःशल्य म्हणजे खाली टोक असलेला, खरमंजरी म्हणजे खरखरीत मंजिरीचा, दुर्ग्रहा म्हणजे धरायला अवघड. तिन्ही नावं म्हणजे ओळखीच्या खुणाच आहेत. लिनेअसनं १७५३ मध्ये याला अकिरँथस अॅस्पेरा हे शास्त्रीय नाव दिलं, त्यातल्या अॅस्पेराचा अर्थही खरखरीत असाच. कूळ मात्र राजगिऱ्याचं, म्हणजे माठ, तांदुळजा, कुरडू यांचं. म्हणूनच घोटाळाही बहुतेक त्यांच्याशीच होतो.

दुसरी पायरी: एक फळ भिंगाखाली

मोज्यावरचं एक फळ काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं, आणि मोबाइलचा कॅमेराही जवळ नेला तर चालतो. बाहेरच्या बाजूला दोन ताठ, काट्यासारखी उपांगं दिसतील, त्यांच्या बुडाशी पातळ पापुद्र्यासारखा पंख असतो. कापडात रुततात ती हीच. त्यांच्या आत पाच टणक, टोकदार पाकळ्या एकमेकींना घट्ट बिलगून मिटलेल्या असतात. खऱ्या अर्थानं त्या पाकळ्या नव्हेत, फुलाचं बाहेरचं आवरणच वाळून कडक झालेलं असतं. आकडा किंवा गळासारखं वाकलेलं टोक इथे कुठेही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ते फळ दोन बोटांत दाबून चोळा. भुसा उडतो आणि एकच गुळगुळीत, लांबट, तपकिरी बी उरतं. आयुर्वेदात यालाच अपामार्गतण्डुल म्हणतात, आघाड्याचे तांदूळ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय याच शब्दावरून ओळखला जातो.

तुऱ्यावर अजून फुलं असतील तर एक गोष्ट मुद्दाम बघाच. एकाच तुऱ्यावर तीन अवस्था असतात. अगदी शेंड्याला कळ्या दाटीनं, वर तोंड करून. त्याच्याखाली उमललेली हिरवट पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली फुलं दांडीला आडवी. आणि बुडाकडे फुलून गेलेली फुलं पूर्ण खाली वळून दांडीला चिकटलेली. जे फूल आज आडवं आहे ते काही दिवसांत खाली मान घालतं आणि वरची कळी आडवी होते. तुरा तोवर लांबत राहतो, म्हणून खाली फळांमध्ये अंतर पडतं आणि वर गर्दी राहते. हे एकदा नीट पाहिलं की रस्त्यापलीकडूनही आघाडा ओळखू येतो.

तिसरी पायरी: दांडा, पेर, पान

तुऱ्यावरून खात्री पटली की मग त्याच झाडाचं बाकीचं अंग शिकायचं, कारण श्रावणात हातात एवढंच असणार आहे. इथे घाई करू नका. एकच झाड घेऊन बसा.

दांडा अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून गोल फिरवा. तो गोल फिरत नाही, अडखळतो, कारण तो चौकोनी आहे आणि त्यावर उभ्या कडा आहेत. कोवळ्या दांड्यावर बारीक लव असते. मग बोट वर सरकवत न्या. जिथून पानं फुटतात तिथे पेर फुगलेलं, गुडघ्याच्या वाटीसारखं हाताला लागतं. आई बोटांत काडी फिरवून बघत होत्या ते हेच.

पेरावर पानं दोन असतात, अगदी समोरासमोर. आणि खालच्या जोडीची दिशा पूर्व-पश्चिम असेल तर वरच्या जोडीची दक्षिण-उत्तर. वरून बघितलं तर पानांचा अधिक चिन्हासारखा आकार दिसतो. राजगिऱ्याच्या कुळातल्या ओळखीच्या भाज्या इथेच वेगळ्या पडतात. माठ, तांदुळजा, कुरडू, कुंजर या सगळ्यांची पानं एकाआड एक येतात. माझी त्या दिवशीची जुडी पेरांपाशी एकदा नीट बघितली असती तरी पुरलं असतं.

पानाची कड अखंड असते, दाते नसतात. कधी ती लाटेसारखी हलकी वर-खाली होते. पान मधोमध किंवा मधल्या थोडं वर सगळ्यात रुंद असतं आणि मग एकदम निमुळतं होऊन छोटं टोक काढतं. दोन्ही बाजूंना लव असते, खालची बाजू फिकट. कोवळं पान गालाला लावलं तर मऊ फडक्यासारखं लागतं. एक सावधगिरी: तुऱ्याजवळची पानं लहान आणि अरुंद होतात, त्यांच्यावरून आकार ठरवू नका. खालून दुसरी-तिसरी जोडी बघा.

शेवटी पान चुरगाळून वास घ्या. ओल्या गवताच्या वासापलीकडे काही जाणवत नाही. रानतुळस इथेच वेगळी पडते. तिचाही दांडा चौकोनी असतो, पानंही समोरासमोर, आणि ती टेकड्यांवर शेजारीच वाढते. पण तिचा वास चुरगाळायच्या आधीच हाताला लागतो, पानाला दातेही असतात.

चिकटतात ते सगळे आघाडे नव्हेत

दिवाळीनंतर टेकडीवरून आल्यावर मोज्यांवर चार-पाच प्रकारची बियाणी सापडतात. ती वेगवेगळी करून बघणं ही उत्तम तालीम आहे, विशेषतः घरात मुलं असतील तर.

सगळ्यात जास्त फसवतो तो आघाड्याच्याच कुळातला प्युपालिया. पानं समोरासमोर, लव तशीच, तुरा तसाच लांब. पण त्याची फळं सुटी नसतात. पिकल्यावर गोलसर, केसाळ गोळे होतात आणि त्यातला प्रत्येक केस टोकाला गळासारखा वाकलेला असतो. म्हणूनच आघाड्याच्या फळात आकडा नसतो हे लक्षात ठेवायला सांगितलं. बोटाला गोळाच्या गोळा चिकटून आला तर तो आघाडा नव्हे.

लांडगा, ज्याला काही लोक गोखरूही म्हणतात, लांबूनच कळतो: बोटाच्या पेराएवढी लांबट फळं, सगळीकडून आकडे, पानं मोठी आणि खडबडीत. निचर्डीची फळं वाटाण्याहून लहान, गोल, आणि फुलं पिवळी. टोकदार, पीळ पडलेली, मोज्यातून आत शिरून टोचणारी कुसळं गवताची असतात. चित्रकाची पांढरी फुलं सुंदर दिसतात आणि त्यांच्या खालचा भाग बोटाला चिकटतो, पण तो डिंकासारख्या चिकट ग्रंथींमुळे. तिथे काटा नाही. पुनर्नव्याची बारीक फळंही अशीच चिकट. चिकटण्याचं कारण काटा की डिंक, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मी नावं गळून पडतात.

तांबडा आणि पांढरा आघाडा असे दोन प्रकार आयुर्वेदात सांगितले आहेत आणि त्यावरून बरेच जण गोंधळतात. दांडा लालसर दिसला म्हणून झाड टाकून देऊ नका. पेर, पानांच्या जोड्या आणि तुऱ्याची दिशा जुळली तर पूजेसाठी तो आघाडाच.

चौथी पायरी: जागा लक्षात ठेवा

ही पायरी लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची हीच. आघाड्याचं बी फार लांब गेलं तर कुणाच्या तरी अंगावरून जातं. बाकीचं झाडाखालीच पडतं. म्हणून या वर्षी जिथे दाट आघाडा आहे तिथेच पुढच्या जूनमध्ये रोपं येतात. सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळची अशी एक जागा ठरवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा तिथे डोकवा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वीतभर रोप, तिसऱ्या आठवड्यात चार जोड्या, श्रावण लागताना फांद्या. तुऱ्याविना झाड कसं दिसतं ते तुम्हाला त्याच जागी, खात्रीच्या झाडावर बघायला मिळतं. आईंनी मला हेच करायला लावलं. पुढच्या श्रावणात त्यांनी जुडी न बघता माळ ओवायला घेतली, तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

सोबत एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. दोन जोड्या पानं आणि तुरा दोन्ही येतील अशी कापा, वर पाट्याइतकं वजन ठेवा आणि पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. कडेला तारीख आणि जागा लिहा. कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात किंवा आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींचे जे संग्रह आहेत, ते याच पद्धतीच्या दाबून वाळवलेल्या नमुन्यांचे आहेत. घरचा एक कागदही पुढच्या श्रावणात पडताळायला फार कामाला येतो.

तोडताना

टेकड्यांचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. तिथे बघा, फोटो काढा, तोडू नका. सोसायटी, शेत, ओळखीच्यांचा प्लॉट इथून घ्या. रस्त्याच्या कडेचं, जिथे कुत्री फिरतात किंवा तणनाशक मारलेलं असतं तिथलं घेऊ नका, विशेषतः ऋषिपंचमीला ती काडी तोंडात जाणार असेल तर. झाड उपटू नका. वरच्या दोन पेरांखाली कात्रीनं कापलं की बगलेतून नव्या फांद्या फुटतात आणि गणपतीलाही तेच झाड पुरतं.

शेजारी गाजरगवत असण्याची शक्यता पुण्यात कायमच असते. भारतात या तणाची दखल पहिल्यांदा घेतली गेली तीही १९५०च्या दशकात, पुण्यातच. त्याची पानं गाजरासारखी कातरलेली, फुलं पांढरी बारीक. अनेकांना त्यानं अंगावर खाज आणि पुरळ येतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा कपडा घाला आणि आघाडा एकेक फांदी करून घ्या. मूठभर एकदम ओढलं की दोन्ही एकत्र हातात येतात.

कोवळ्या आघाड्याची भाजी करतात, खेड्यांत आजही होते. पण पहिल्या वर्षी खाण्यासाठी तोडू नका. माळेत चुकीचं पान गेलं तर सासूबाई सांगतील, पोटात गेलं तर उशीर झालेला असेल. आघाड्याचा क्षार आयुर्वेदात भगंदरावरच्या क्षारसूत्रात वापरतात: धाग्याला एकूण एकवीस लेप देतात, त्यातल्या सातांत निवडुंगाच्या चिकाबरोबर हा क्षार असतो. एवढी ताकद असलेली वस्तू घरच्या घरी काढा करून घ्यायची नाही, गरोदरपणात तर मुळीच नाही. ते काम वैद्यांचं.

घरी परतताना कपड्यांवरची फळं दारातच काढा. ओल्या कपड्यावरून ती निघत नाहीत, कपडा वाळू द्या आणि जुन्या कंगव्यानं एका दिशेनं विंचरा. कुत्र्याच्या कानामागचे आणि बोटांमधले केस तपासा, तिथे फळं अडकून गाठी होतात.

काढलेली फळं कचऱ्यात टाकण्याआधी आठ-दहा बाजूला ठेवा. कागदाच्या पुडीत, कोरडी. मे संपताना एखाद्या जुन्या कुंडीत साधी माती भरा, फळं वर पसरून अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरा आणि कुंडी गच्चीत उघड्यावर ठेवून द्या. पाणी घालायची घाई नको, पहिला पाऊस ते काम करतो. आमच्या गच्चीत अशी एक कान तुटलेली कुंडी आहे. जूनच्या शेवटी त्यात रोपांची दाटी होते. त्यातली दोन ठेवायची, बाकीची अलगद उपटून शेजारणींना द्यायची. जिवतीच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी गच्चीत जाऊन आई स्वतः काडी तोडतात, बोटांत एकदा फिरवून बघतात आणि मगच परडीत ठेवतात.